चिंधीचा बैल

आषाढी एकादशी झाली, की पंढरपूरहून परतणारे वारकरी आषाढ वद्य एकादशीला नरसी नामदेवला येतात. या परतवारीला आमच्या गावात पाय ठेवायला जागा नसते. तुळशीच्या माळा, बुक्का, लाह्या-बत्तासे, पितळी मूर्ती यांच्या दुकानांच्या ओळीत आता एक दुकान हमखास असतं. तिथे दोरीवर प्लास्टिकच्या पिशव्यांतली अस्वलं टांगलेली असतात. गुलाबी, आकाशी, पांढरी. पांढरं अस्वल आमच्या पंचक्रोशीत कुणी पाहिलेलं नाही, तरी लेकरं त्याच्यासाठीच रडतात.

एका परतवारीला ही अस्वलं पाहताना मला प्रश्न पडला, की आपल्याकडे घरी शिवलेलं कापडाचं जनावर का नव्हतं? आमचं घर शिंप्याचं. वडिलांचं मशीन ओसरीवर आणि आजीची गोधडी माजघरात. आजीच्या लोखंडी पेटीत झबली होती, टोपडी, कुंच्या, दुपटी होती. माझी चिंध्यांची बाहुली होती. पण कापडाचा बैल नव्हता, मांजर नव्हतं, हत्ती नव्हता. नंतर मी जिथे जिथे जुन्या पेट्या उघडलेल्या पाहिल्या, तिथे बाहुल्या निघाल्या, जनावरं निघाली नाहीत. ज्या गावाला संत नामदेवांचं, म्हणजे शिंपीकुळातल्या संताचं, जन्मगाव मानतात, तिथे सुई-दोऱ्याची वाण नक्कीच नव्हती. मग अडलं कुठे? हे शोधायला मी आधी पुस्तकं चाळली, आणि मग स्वतः बैल शिवायला बसले. खरं उत्तर शिवतानाच मिळालं.

कठीण जनावरं, मऊ बाहुल्या

जनावराची आकृती करायची हौस आपल्या भूमीत फार जुनी आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या दायमाबादला १९७४ साली ब्राँझचे हत्ती, गेंडा, रेडा आणि बैल जुंपलेला रथ सापडला. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या उत्खननात ताम्रपाषाण काळातला मातीचा बैल निघाला. आजही पोळ्याला ज्यांच्या दावणीला बैल नाही, ते मातीचे बैल आणून पुजतात. विदर्भात तान्ह्या पोळ्याला लेकरं लाकडी बैल ओढत नेतात. म्हणजे जनावर आपण घडवत आलो, पण माती, लाकूड किंवा धातूचं.

बाहुली मात्र कापडाची. कापड मातीत टिकत नाही, म्हणून आपल्या उत्खननांत ती मिळायची नाही. इजिप्तच्या कोरड्या वाळूत मात्र ती टिकली. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये रोमन काळातली एक बाहुली आहे. ती जवसाच्या धाग्याच्या कापडाची असून आत चिंध्या आणि पपायरसचे तुकडे भरलेले आहेत. आजीने मला करून दिलेली बाहुली हिच्यापेक्षा फारशी वेगळी नव्हती.

या फरकाचं पहिलं कारण सोपं आहे. बाहुलीला उभं राहावं लागत नाही. काडीवर चिंधी गुंडाळली, मानेशी दोरा बांधला, वरून लुगड्याच्या काठाचा तुकडा नेसवला, की बाहुली झाली. एक टाका न घालताही होते. ती मांडीवर निजते, कडेवर बसते. जनावराला चार पाय लागतात आणि त्या पायांवर त्याचा भार पेलावा लागतो. मातीला हे जमतं. कापडाला ते शिकवावं लागतं.

गोधडीचा पहिला हक्क

दुसरं कारण कापडाच्या टंचाईचं. आजीच्या घरात चिंधी हा कचरा नव्हता. लुगडं विरलं, की त्याचं दुपटं व्हायचं. दुपटं फाटलं, की त्याचे तुकडे गोधडीत. गोधडीतूनही जे उरायचं त्याची चुंबळ, पोतेरं, दिव्याची वात. वितीएवढा तुकडा खेळायला मागितला, तर आजी म्हणायची, “चिंधी हाय ती, कचरा नाही.” बाहुलीच्या वाट्याला यायचं ते गोधडीलाही नको असलेलं, बोटभर रुंदीचं कापड.

जनावराला कापड किती लागतं ते मोजून पाहा. वीतभर लांबीच्या बैलाला दोन अंगं, पोटाचा तुकडा, कपाळपट्टी, कान, शिंगं, शेपूट असं मिळून एका झबल्याहून कमी कापड लागत नाही. वर आत भरायला कापूस. हिंगोलीच्या काळ्या मातीत कापूस पिकतो खरा, पण तो बाजारात जाण्यासाठी. घरी ठेवलेला पिंजाऱ्याकडून पिंजून गादी-उशीत जायचा. ज्या घरात थंडीच्या दिवसांत एका गोधडीत तीन लेकरं निजायची, तिथे बैलाच्या पोटात कापूस कोण भरणार?

ही टंचाई आता राहिलेली नाही. ब्लाऊज शिवणाऱ्या कुठल्याही बाईच्या मशीनखाली दिवसाकाठी टोपलीभर कतरण पडते. जुने टी-शर्ट, लेगिंग्ज, बेडशीट घराघरांत पडून आहेत. गोधडीची जागा ब्लँकेटने घेतली. चिंधीवरचा गोधडीचा हक्क सुटला आणि नेमक्या त्याच काळात खेळणं मात्र विकतचं झालं.

टाचण्यांच्या गादीतून आलेला हत्ती

शिवलेल्या जनावराचा आजचा जो प्रकार जगभर आहे, त्याची सुरुवात एका शिवणकाम करणाऱ्या बाईच्या घरातच झाली, हे वाचून मला बरं वाटलं. जर्मनीतल्या गिंगेन गावची मार्गारेट श्टाइफ १८४७ साली जन्मली. दीड वर्षाची असताना पोलिओने तिचे पाय गेले आणि उजवा हातही अधू झाला. तरी ती शिवण शिकली. नमद्याच्या, म्हणजे दाबून केलेल्या लोकरीच्या कापडाचे कपडे शिवून विकू लागली. १८७९च्या डिसेंबरमध्ये एका फॅशनच्या मासिकात तिला छोट्या हत्तीचा नमुना दिसला. तिने तो शिवला तो टाचण्या टोचून ठेवायची गादी म्हणून. घरच्या मुलांनी टाचण्या काढून टाकल्या आणि हत्ती खेळायला घेतला. पुढच्या सहा वर्षांत असे पाच हजारांहून जास्त हत्ती विकले गेले.

अस्वल नंतर आलं. १९०२च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी मिसिसिपीत शिकारीला गेले असताना बांधून ठेवलेल्या अस्वलावर गोळी झाडायला नकार दिला. त्यावर व्यंगचित्र निघालं, आणि न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या मिचटम दांपत्याने कापडाचं अस्वल शिवून दुकानाच्या काचेत ठेवलं. त्याच सुमारास मार्गारेटचा पुतण्या रिखार्ड याने हातपाय हलवता येणारं अस्वल केलं. १९०३च्या लाइप्झिगच्या जत्रेत एका अमेरिकी व्यापाऱ्याने अशा तीन हजार अस्वलांची मागणी नोंदवली. नरसीच्या यात्रेत टांगलेलं गुलाबी अस्वल या वंशातलं आहे.

मार्गारेटच्या हत्तीत मला महत्त्वाचं वाटतं ते कापड. नमद्याला ताणा-बाणा नसतो, म्हणून त्याचे धागे सुटत नाहीत. तो जाड असतो, टाका घट्ट धरतो. आपलं विरलेलं लुगडं नेमकं याच्या उलट. हा फरक मला पुढे फार महागात पडणार होता.

सपाट कापडाचं गोल अंग

पहिला बैल मी दोनच तुकड्यांचा केला. कागदावर बाजूने दिसणारा बैल काढला, दोन तुकडे कापले, कडेने टीप मारली, उलटवून कापूस भरला. झाली ती बैलाच्या आकाराची उशी. उभी केली की पडायची, कारण तिला जाडीच नव्हती आणि चारांऐवजी दोनच पाय होते.

उत्तर वडिलांच्या कामात होतं. अंगाला बसणारी चोळी म्हणजे सपाट कापड गोल करण्याचाच खटाटोप. जिथे फुगीर हवं तिथे टक्स घ्यायचा, जिथे हालचाल हवी तिथे, म्हणजे काखेत, वेगळा तुकडा घालायचा. बैलाचं पोट म्हणजे त्याची काख. दोन अंगांच्या मध्ये पोटाचा वेगळा तुकडा घालायचा, आणि त्यालाच चारही पायांच्या आतल्या बाजू जोडून कापायच्या. मग प्रत्येक पाय दोन थरांचा होतो आणि दोन अंगांमध्ये अंतर पडतं. बैल उभा राहतो.

पण पोटाचा तुकडा सरळ ठेवला, तर पाय बाहेर फाकतात. म्हणून त्याच्या मधोमध लांबीच्या दिशेने टक्स घ्यायचा. पोट अरुंद होतं आणि पाय आत येतात. तोंडासाठी नाकापासून मानेपर्यंत कपाळपट्टी लागते. ती रुंद केली तर रेडा दिसतो, अरुंद केली तर बकरी. पाय सडपातळ ठेवायचा मोह टाळावा. अरुंद पाय नीट उलटवता येत नाहीत आणि भार पडला की दुमडतात.

आपल्या बैलाची एक अडचण परदेशी नमुन्यात सुटलेली नसते, ती म्हणजे वशिंड. परदेशी गुरांना ते नसतं. तिकडच्या नमुन्यावरून शिवलेला माझा बैल पाहून शेजारचं पोरगं म्हणालं, “हे कुत्रं हाय का?” मग मी दोन्ही अंगांच्या तुकड्यांना खांद्यावर उंचवटा दिला आणि त्याच्या बुडाशी दोन्हीकडे छोटा टक्स घेतला. गळ्याखालची पोळी न भरलेल्या दुहेरी कापडाची केली, म्हणजे ती लोंबते. लाल लुगड्याचा केला तर तो आमच्याकडचा लाल कंधारी. पांढऱ्यावर काळे ठिगळ मारले तर देवणीतला शेवेरा. पोरगं मग बैल म्हणायला लागलं.

डोळ्याचं बटण

आता चुकीबद्दल. भावाला नातू झाला, तेव्हा मी आजीच्या उरलेल्या लुगड्याचा बैल शिवला. चार पिढ्यांचं कापड म्हणून घरात कौतुक झालं. डोळ्यांना काळी बटणं लावली, दोरा चौपदरी घेतला, गाठ पक्की मारली. शिंप्याची लेक म्हणून मला माझ्या टाक्याचा भरवसा होता. लेकरू दहा महिन्यांचं असताना वहिनीला त्याच्या गालाआड काहीतरी काळं दिसलं. तिने त्याला पुढे वाकवलं आणि ते बटण बाहेर पडलं. थोडा उशीर झाला असता तर, हा विचार आजही मनातून जात नाही.

बैल हातात घेऊन पाहिला. दोरा तुटला नव्हता. गाठ सुटली नव्हती. बटणाभोवतीचं कापडच फाटून बटणासकट निघालं होतं. टाका जितका पक्का, तितका तो विरलेल्या कापडाला कापत गेला होता. मायेचं कापड आणि मजबूत कापड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला साठीला टेकल्यावर कळलं.

सुरक्षेचे नियम मी यानंतर वाचले. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी एक साधी चाचणी जगभर वापरतात. ३१.७ मिलिमीटर व्यासाचं एक तिरकस तळाचं नळकांडं असतं. खेळण्यातून सुटलेला भाग त्यात पूर्ण मावला, तर तो लेकराच्या घशात अडकू शकतो असं धरतात. सदऱ्याचं कुठलंही बटण त्यात मावतं. भरलेल्या खेळण्याची शिवण युरोपीय मानकानुसार ७० न्यूटनने, म्हणजे साधारण सात किलो वजन टांगल्याइतक्या जोराने, ओढून पाहतात. आपल्याकडे खेळणी (गुणवत्ता नियंत्रण) आदेश, २०२० हा १ जानेवारी २०२१पासून लागू आहे आणि विकायच्या खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचं चिन्ह लागतं. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे. बचत गटातर्फे अशी जनावरं विकायचा विचार असणाऱ्यांनी हे आधी पाहून घ्यावं. घरच्या लेकरासाठी शिवताना कुठलाच आदेश आड येत नाही, म्हणून काळजी आपणच घ्यायची.

तेव्हापासून तीन वर्षांखालच्या लेकराच्या जनावराला मी बटण, मणी, घुंगरू, टिकली काहीही लावत नाही. डोळे दोऱ्याने भरते, आणि तेही कापड सपाट असताना, शिवण्याआधी. शेपूट, कान, शिंगं शिवणीच्या आत धरून वरून दोनदा टीप मारते. गळ्यात लांब गोंडा किंवा दोरी बांधत नाही. पाळण्यातलं तान्हं बाळ निजलं, की मऊ खेळणं बाजूला काढून ठेवते. तोंडाशी आलेलं खेळणं त्याला दूर ढकलता येत नाही.

ओसरी आणि माजघर

राहिला प्रश्न विरलेल्या कापडाचा. आजीचं लुगडं टाकून द्यायचं का? उत्तर गोधडीत होतं. गोधडीतला एकही थर एकट्याने टिकणारा नसतो. विरलेली लुगडी, फाटकी धोतरं एकावर एक अंथरून त्यांतून जवळजवळ धावदोरा घातला, की ओढ एका थरावर न पडता सगळ्यांत वाटली जाते. म्हणून फाटक्या कापडांची गोधडी वर्षानुवर्षं टिकते.

आता मी आधी छोटी गोधडी करते. वर लुगडं, खाली नव्या सुती कापडाचं अस्तर, त्यांतून बोटाच्या पेराएवढ्या अंतरावर धावदोरा. मग त्या जोडकापडावर नमुना ठेवून कापते. अस्तर ओढ सोसतं, लुगडं गालाला लागतं. भावाच्या नातवाचा दुसरा बैल असा केला. तो तीन वर्षं ओढला, चावला, धुतला गेला आहे. शिवण तशीच आहे.

इथे मला माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर सापडलं असं वाटतं. आमच्या घरात शिवणकामाच्या दोन विद्या होत्या. ओसरीवर वडिलांची, म्हणजे माप, बेतणं, टक्स, मशीनची टीप. माजघरात आजीची, म्हणजे थर, धावदोरा, चिंधीची पारख. वडिलांनी कधी गोधडीला हात लावला नाही, आजीने कधी कातर घेऊन चोळी बेतली नाही. दोघांच्या मध्ये एक उंबरा होता. कापडाच्या बैलाला दोन्ही विद्या लागतात. अंग गोल करायला ओसरीवरची, जुनं कापड टिकवायला माजघरातली. कापडाची टंचाई हे एक कारण खरंच, पण या दोन विद्या एका हातात आल्या नाहीत, हे दुसरं. हे अनुमान माझ्या घरावरून काढलेलं आहे. शिवणाऱ्या इतर घरांतल्या वाचकांनी ते आपापल्या आठवणींशी ताडून पाहावं.

भरणं आणि धुणं

ज्यांना शिवायचं आहे त्यांच्यासाठी राहिलेलं थोडक्यात. कापड आधी धुऊन आटवून घ्यावं. कडेला पाऊण सेंटिमीटर जागा सोडावी, टीप बारीक ठेवावी, हाताने शिवत असाल तर प्रत्येक टाका मागे घेऊन पुढे जावा. नुसता धावदोरा इथे चालत नाही, भरताना तो उसवतो. वळणावर टिपेपर्यंत न पोचणारे छोटे कट मारावेत, नाहीतर उलटवल्यावर कापड गोळा होतं. भरण्यासाठीचं तोंड पोटाच्या सरळ शिवणीत ठेवावं. आधी पाय भरावेत, बोटाएवढे पुंजके लाटण्याच्या टोकाने दाबत. मान सर्वांत घट्ट, नाहीतर आठवड्यात मुंडी लोळते.

कापूस भरावा की बाजारात मिळणारं फायबर? सुती धागा हवेतलीच ओल आपल्या वजनाच्या आठ टक्क्यांच्या आसपास धरतो, पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही. म्हणून कापसाचा बैल धुतला की दोन दिवस वाळत नाही, आत गोळे होतात, पावसाळ्यात वास धरतो. लाळेने रोज भिजणाऱ्या खेळण्यात मी फायबर भरते. मोठ्या मुलासाठी, वजन हवं असेल तेव्हा, कापूस. सरकी, ज्वारी, तांदूळ भरू नयेत. किडे होतात आणि शिवण उसवली तर दाणा लेकराच्या नाका-घशात जातो.

खेळणं की सोबती

एवढा खटाटोप कशासाठी, असं कुणी विचारेल. १९५८ साली अमेरिकी शास्त्रज्ञ हॅरी हार्लो यांनी माकडाच्या पिल्लांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. पिल्लांना दोन खोट्या आया दिल्या होत्या, एक तारेची आणि एक मऊ कापड गुंडाळलेली. दूध तारेच्या आईकडे असलं, तरी पिल्लं तेवढ्यापुरती तिच्याकडे जात आणि उरलेला वेळ कापडाच्या आईला बिलगून काढत. पिल्लांना आईपासून तोडणारे ते प्रयोग क्रूर होते, हेही सांगायला हवं. इंग्लंडचे बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी १९५३च्या निबंधात लेकराच्या लाडक्या चिंधीबद्दल, खेळण्याबद्दल लिहिलं. आई जवळ नसताना ती वस्तू लेकराला धीर देते. ती खरी की मनातली, हे मोठ्यांनी त्याला विचारायचं नसतं.

नामदेवांच्या बालपणीची कथा मला इथे आठवते. वडिलांनी नैवेद्य दाखवायला पाठवलं, तर या लेकराने देवाने खरंच खावं म्हणून हट्ट धरला. मूर्ती जेवत नाही हे मोठ्यांना ठाऊक असतं. आपण ती कथा भक्तीची म्हणून सांगतो आणि ती आहेच. पण समोरच्या वस्तूत जीव आहे असं निःशंक मानणारं वयही तिच्यात आहे. त्या वयाच्या लेकराच्या हातात आपण जे देतो, ते त्याच्यासाठी जिवंतच असतं. ते सुटून त्याच्या घशात जाणार नाही, एवढं पाहणं शिवणाऱ्याचं काम.

परंपरेनुसार नामदेवांचा जन्म कार्तिक शुद्ध एकादशीचा, शके ११९२, म्हणजे इसवी सन १२७०चा. दिवाळीनंतर आठ-दहा दिवसांत तो दिवस येतो. गुरू ग्रंथसाहिबात त्यांची एकसष्ट पदं आहेत आणि त्यांतल्या एकात गज, कातर, सुई-दोरा ही शिंप्याची हत्यारं भक्तीची साधनं होऊन येतात. दिवाळीच्या साफसफाईत घराघरांतून जुन्या कपड्यांची गाठोडी निघतात. ती बोहारणीला देण्याआधी एकदा सोडून पाहावीत. एक मऊ सुती कापड आणि अस्तराला एक नवं, एवढं निघालं तर एकादशीपर्यंत बैल उभा राहतो. भावाच्या नातवाने यंदा गाय मागितली आहे. कासेचा टक्स कुठे घ्यायचा, ते अजून मला जमायचं आहे.